बसऱ्याच्या आजोबांचं नाव शोधून देणाऱ्या हवालदारसाहेबांना

आदरणीय हवालदारसाहेब,
स. न. वि. वि.

"आभारबिभार काही नको, पलटणीच्या माणसाला पलटणीच्या माणसानं शोधलं," असं तुम्ही दोनदा सांगितलंत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण पहिल्या महायुद्धात इराकातल्या बसऱ्याकडे लढायला जाऊन न परतलेला असा माणूस एकट्या आमच्या घरातला नाही. 'गेला तो बसऱ्याला गेला' हे आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी कायम असायचं.

आमच्या पणजोबांचा हा धाकटा भाऊ. मिसरूड नुकतं फुटलं होतं म्हणतात. घरी कागद आला, त्यात मेला असं नव्हतं, ठावठिकाणा लागत नाही असं होतं. तेवढ्यावर त्यांच्या बायकोनं, आमच्या मोठ्या आजीनं, साठ वर्षं कुंकू लावलं. श्राद्ध घालू दिलं नाही, सर्वपित्रीलाही त्यांचं पान नाही. आणि नवऱ्याचं नाव ती घेणार कशी? आम्हा पोरांना ते 'बसऱ्याचे आजोबा' म्हणूनच ठाऊक. चावडीच्या भिंतीत त्या महायुद्धाची दगडी पाटी आहे: गावातून इतके गेले, इतके कामी आले. नाव एकाचंही नाही. त्या आकड्यात ते धरलेत की नाहीत, यावरून घरात अजून वाद होतात.

मी तुमच्याकडे आले ती आडनाव घेऊन. वर्षभर तेच घालून कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या, म्हणजे युद्धात पडलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, नोंदी चाळल्या होत्या. तुम्ही हसलात. "आडनाव सोडा हो. शिपायाचं नाव आधी लिहायचे, तेही कारकुनाच्या कानाला लागेल तसं. पाळण्यातलं नाव सांगा." तेच तर कुणाला माहीत नव्हतं! शेवटी ऐंशी ओलांडलेल्या आत्याला मोठ्या आजीचा हळदीकुंकवातला उखाणा आठवला. वर्षातून एकदा, तेवढंच ती नाव घ्यायची. तुम्ही तो उखाणा फोनवरून वहीत उतरवून घेतलात आणि तीन आठवड्यांनी माणूस शोधून काढलात. बापाचं नाव जुळलं, तालुका जुळला. गावाचं नाव इंग्रजीत इतकं मोडलं होतं, की मी शंभर वेळा त्यावरून पुढे गेले असते. तुम्ही ते गोऱ्या साहेबाच्या थाटात मोठ्यानं म्हणून दाखवलंत, तेव्हा कुठे मला माझं गाव ऐकू आलं.

११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री. म्हणजे बसरा नव्हे, इराकातलंच कूट. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, तुर्कांचा जवळपास पाच महिन्यांचा वेढा. आत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. खायला घोड्याखेचरांचं मांस उरलं, ते बऱ्याच हिंदी शिपायांनी शेवटच्या महिन्यापर्यंत नाकारलं. शरणागतीनंतर सुमारे १३,००० माणसं कैद झाली. त्यांना बगदाद, मोसूल करत वाळवंटातून चालवत नेलं, पुष्कळ हिंदी शिपायांना सीरियातल्या रास अल-ऐनला रेल्वेच्या कामावर जुंपलं. आजोबा गेल्याची तारीख त्या चालण्यातली आहे. इथवर सांगून तुम्ही थांबलात, चहा मागवलात. त्या थांबण्याचेही आभार.

बसऱ्याच्या स्मारकावर, कबर न सापडलेल्या ४०,५०० हून अधिक जणांची आठवण आहे. पण गोऱ्या शिपायांची नावं दगडावर, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीखाली नुसता आकडा. आमच्या चावडीसारखाच! नावं होती ती कमिशनच्या नोंदवहीत. २०२१ मध्ये कमिशननं असा दुजाभाव झाल्याचं अहवालात कबूल केलं, माफीही मागितली. मला त्या माफीचं फारसं अप्रूप नाही. तुम्ही कागदावर मोठ्या अक्षरांत, मराठीत नाव लिहून दिलंत, त्याचं आहे. आत्यानं तो कागद मोठ्या आजीच्या करंड्यात घडी करून ठेवलाय.

आता तारीख मिळालीच आहे, तर तिथी काढून पान वाढायचं की नाही, यावर घरात दोन तट पडलेत. आत्या म्हणते, जिनं साठ वर्षं घालू दिलं नाही, तिला विचारल्याशिवाय कसं घालायचं? तुम्ही या एकदा. आत्या घावणे करणार आहे, आणि तुमचं ती ऐकते.

आपली नम्र,
बसऱ्याच्या आजोबांची चुलत पणती