अंगणातल्या झाडाला डॉक्टर कोण?

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

उन्हाळा आला की आमच्या जुळे सोलापुरात दर दोन घरांआड गेटजवळची मोरपंखी पिवळी पडलेली दिसते आणि मालक हातात पंप घेऊन उभे असतात. मागच्या वर्षी त्यात मीपण होतो, म्हणून हे पत्र.

माझ्याकडं दोन मोरपंखी होत्या, पंधरा वर्षांच्या. मे महिन्यात एकीचा रंग उडाला, आधी धूळ बसल्यासारखी फिकट, मग तपकिरी. दुकानात गेलो, फांदी नेली नव्हती, दुकानदारानंही मागितली नाही, "बुरशी आहे काका" म्हणत निळी पावडर हातात दिली. तीनदा फवारली. झाड गेलं.

त्यानंतर जुलैत मुलीकडं गेलो, अमेरिकेत मिशिगनला. तिच्या परसात निळसर स्प्रूसची तीन झाडं आहेत, आपण सरसकट ख्रिसमस ट्री म्हणतो तसली. खालच्या फांद्यांच्या सुया आतल्या बाजूनं पिवळ्या, मग जांभळट तपकिरी होऊन गळत होत्या, शेंडे मात्र हिरवेगार. जावई म्हणाले पाणी कमी पडतंय, आणि रोज संध्याकाळी स्प्रिंकलर सोडून ठेवायचे, खालच्या फांद्या रात्रभर ओल्या. शेवटी मुलीनं एक फांदी तिथल्या विद्यापीठाच्या लॅबला दिली. निघाली रायझोस्फेरा नावाची बुरशी, म्हणजे रोजच्या पाण्यानं आम्ही तिलाच पोसत होतो! लॅबनं सांगितलं तसं मी भिंग घेऊन बघितलं. चांगल्या सुईवर पांढऱ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात, ती श्वास घ्यायची छिद्रं, आणि आजारी सुईवर त्याच रांगांत काळे ठिपके, जणू कुणी पेनानं टिंबं दिलीत. नवी सुई वसंतात कोवळी असतानाच बुरशी आत शिरते पण पिवळेपणा दिसतो दुसऱ्या वर्षी, म्हणून शेंडे छान वाटतात आणि आपण फसतो. औषधही नवी सुई अर्धी वाढली की एकदा आणि पूर्ण वाढली की परत एकदा, असं दोन वर्षं मारायचं असतं, ऑगस्टमध्ये मारून उपयोग नाही. मुळात हे झाड रॉकी पर्वतातल्या कोरड्या हवेतलं, मिशिगनच्या दमटपणात त्याला हा त्रास होणारच.

तिथंच दुसरी एक गोष्ट कळली. फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटकायची, आणि पडलेले ठिपके चालायला लागले तर ती बुरशी नाही, कोळी आहे, जाळं विणणारा नव्हे, पानांचा रस शोषणारी बारीक कीड. मग यंदा मार्चमध्ये माझ्या दुसऱ्या मोरपंखीचा रंग उडायला लागला तेव्हा कागद धरला, ठिपके चालले की वो! म्हणजे पहिलीलाही बहुतेक कोळीच होता, कोरड्या उन्हात तो झपाट्यानं वाढतो, आणि मी बुरशीचं औषध मारत बसलेलो. या वेळी नळ आला की पाइपनं आतून-खालून जोरात पाणी मारलं, तेही चार-पाच दिवसांआड, कारण नळच तसा येतो. झाड वाचलं.

शेजाऱ्यांच्या लिंबाचं प्रकरण आणखी वेगळं, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, ते चुनखडीच्या जमिनीनं लोह अडवल्यामुळं. त्यांनी पण निळी पावडरच आणलेली.

म्हणणं एवढंच आहे की डाळिंबवाल्याला केगावचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, शेतकऱ्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, पण अंगणात दोन-चार झाडं असणाऱ्यानं फांदी घेऊन कुठं जायचं? दुकानातच जातो तो, आणि दुकानदार विकणारच, त्याचा धंदा आहे. महापालिकेच्या उद्यान विभागानं आठवड्यातनं एक दिवस, रविवारी सकाळी, हुतात्मा बागेत एक टेबल टाकावं. एक जाणकार माणूस, पांढरे कागद आणि एक भिंग, जास्त काही लागत नाही. लोकांनी फक्त येताना चांगली आणि आजारी अशी दोन्ही फांदी आणायची, नुसता मोबाइलवरचा फोटो नको, फोटोत कोळी दिसत नाही.

भिंग नसेल तर माझं नेऊन देतो.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर