द्राक्षाचे पान आणि अठ्ठ्याण्णव टक्के : मुलीस पत्र

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचा अहवाल वाचला आणि संकेतस्थळही वापरून पाहिले. पानाचा फोटो चढवला की रोगाचे नाव आणि उपाय मिळतो, सूचनाही सगळ्या मराठीत आहेत. काम नेटके झाले आहे. मात्र मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत छापलेल्या '९८ टक्के अचूकता' या दाव्याविषयी, जन्मभर संख्याशास्त्र शिकवत आल्यामुळे, मला थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

तू वापरलेल्या प्लांटव्हिलेज या रोगट आणि निरोगी पानांच्या चित्रसंचात १४ पिकांची ५४,३०६ चित्रे असून त्यांतील जवळजवळ प्रत्येक चित्रात तोडलेले एकच पान साध्या पृष्ठभागावर ठेवलेले आहे. २०१६ साली मोहंती, ह्यूज आणि सालाथे यांनी याच संचावर ९९.३५ टक्के अचूकता मिळवली. परंतु निराळ्या परिस्थितीत काढलेली चित्रे दिल्यावर ती ३१ टक्क्यांच्या आसपास घसरली, हेही त्यांनी त्याच निबंधात नमूद केले. तुझ्या अहवालात पहिला आकडा आहे, दुसरा नाही. शिवाय या संचात एकाच पानाची वेगवेगळ्या बाजूंनी काढलेली अनेक चित्रे आहेत. तू चित्रे सरसकट पिसून ८० टक्के शिकवायला आणि २० टक्के चाचणीला अशी वाटली असशील, तर मॉडेलला, म्हणजे चित्रांवरून शिकणाऱ्या तुझ्या प्रोग्रॅमला, शिकवताना दाखवलेलेच पान चाचणीतही आले असणार. चाचणी पानांनुसार वाटून पुन्हा घे. आकडा खाली आला तरी तोच छाप.

याहून मोठी अडचण द्राक्षाची आहे. निफाडच्या अण्णाकाकांनी त्यांच्या बागेतल्या डावणी (डाउनी मिल्ड्यू) रोग पडलेल्या पानाचा फोटो तुझ्या संकेतस्थळावर चढवला. वरच्या बाजूला पिवळसर तेलकट डाग आणि पान उलटले की त्याच जागी पांढरी बुरशी, इतके ते स्पष्ट होते. उत्तर आले एस्का, म्हणजे द्राक्षवेलीचा निराळाच रोग, आणि खात्री ९६ टक्के. काका हसले आणि आपल्या फवारणीला लागले. पण नवखा बागाईतदार हसला नसता, त्याने तू सुचवलेला उपाय केला असता आणि तेवढ्यात डावणी घडांवर पोचली असती. दोष तुझ्या कोडमध्ये नाही. त्या संचात द्राक्षाचे चारच वर्ग आहेत : ब्लॅक रॉट, एस्का, लीफ ब्लाइट आणि निरोगी. आपल्या बागाईतदाराची झोप उडवणारे डावणी आणि भुरी (पावडरी मिल्ड्यू) हे दोन्ही रोग त्यात नाहीतच. सॉफ्टमॅक्सने, म्हणजे मॉडेलच्या शेवटी प्रत्येक वर्गाची शक्यता काढणाऱ्या सूत्राने, सर्व शक्यतांची बेरीज एक करायची असते, म्हणून तुझे मॉडेल, 'यांपैकी नाही' हा पर्यायच नसलेल्या प्रश्नपत्रिकेसारखे, सर्व पिकांच्या मिळून ३८ वर्गांपैकी कशावर तरी खूण करते. गोठ्यातल्या गाईचा फोटो दिला तरी तिलाही एखादा रोग चिकटेल. 'सत्तर टक्क्यांखाली उत्तर देऊ नये' अशी मर्यादा घालून हे सुटणार नाही, कारण चुकतानाही त्याची खात्री ९६ टक्केच आहे. अनोळखी चित्रांचा स्वतंत्र वर्ग करून त्यावर शिकवावे लागेल, आणि 'ओळखता आले नाही, जवळच्या कृषी अधिकाऱ्यास दाखवा' असे उत्तर देण्याची सोय संकेतस्थळावर ठेवावी लागेल.

वेबच्या बाजूचे थोडक्यात लिहितो. मॉडेल चित्र २२४ बाय २२४ पिक्सेलवर आणूनच पाहते, असे तूच अहवालात म्हटले आहेस. मग बागेतल्या अधू नेटवर्कवरून चार-पाच एमबीचा मूळ फोटो सर्व्हरपर्यंत कशाला ओढायचा? ब्राउझरमध्येच कॅनव्हास या चित्र रेखाटण्याच्या सोयीवर तो लहान करून पाठव. आणि तुझा कोड जिथे ठेवला आहेस त्या गिटहबवर एपीआयची किल्ली, म्हणजे बाहेरची सेवा वापरण्याचा गुप्त संकेत, उघडी राहिली आहे. नुसती फाइल काढून भागणार नाही, कोडच्या जुन्या नोंदींत (कमिटमध्ये) ती दिसतच राहते. किल्ली आजच रद्द करून नवी घे.

ऑक्टोबर छाटणीनंतर नवी फूट आली की काकांच्या बागेत फोटोंना तोटा नसतो, त्यात परतीचा पाऊस लांबला तर डावणी हमखास दिसते. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस तिकडे जा. पान वेलीवर असतानाच, सकाळी आणि भर उन्हात, दोन्ही बाजूंनी फोटो काढ. प्रत्येक फोटोपुढे रोगाचे नाव काकांकडून लिहून घे, आणि जिथे ते स्वतःच घुटमळतील ते फोटो वेगळे ठेव. यातील एकही चित्र मॉडेलला शिकवण्यासाठी वापरू नकोस, केवळ चाचणीला ठेव. त्यावर जो आकडा येईल तो मुखपृष्ठावर, ९८ च्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत यावा. काकांशी माझे बोलणे झाले आहे. निघण्याचा दिवस तेवढा त्यांना आधी कळव.

तुझे,
बाबा