गोलघुमटाचा सांगाडा

प्रिय सुहास,

विजापूरच्या गोलघुमटाची कार्डशीटची प्रतिकृती १:१०० ने करायची म्हणतोस. म्हणजे मूळची ४७.५ मीटरची बाजू ४७.५ सेंमी होते आणि ४४ मीटरचा घुमट ४४ सेंमीचा. एवढा आकार ३०० जीएसएमची (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाची) कार्डशीट स्वतःच्या बळावर पेलत नाही. वजन सगळं आतल्या सांगाड्याने घ्यायचं, कार्डशीट नुसती वरची कातडी.

चौकोनी भागाला २ मिमीच्या ग्रे बोर्डची, म्हणजे जाड करड्या पुठ्ठ्याची, जाळी कर. पाच पट्ट्या उभ्या, पाच आडव्या, अंतर ७.९ सेंमी. खाचेची रुंदी बोर्डाइतकीच, खोली पट्टीच्या निम्म्याहून १ मिमी जास्त. खाचांच्या खुणा नेहमी एकाच कडेपासून मोज. आधीच्या खाचेपासून पुढची मोजलीस, तर अर्ध्या मिलिमीटरची चूक पाचव्या खाचेला अडीचवर जाते आणि शेवटची पट्टी बसतच नाही. खोक्याचा नालीदार पुठ्ठा वापरणार असशील तर नाल्या उभ्याच हव्यात. आडव्या ठेवल्यास घुमटाच्या वजनाने तो दबतो.

आता घुमट. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. त्याची कातडी कार्डशीटच्या निमुळत्या पाकळ्यांची आणि प्रत्येक सांध्याखाली बोर्डाची वाकडी फासळी. सोळा पाकळ्या घेतल्या तर दोन फासळ्यांच्या मधला भाग खऱ्या गोलाईपेक्षा ४ मिमी आत जातो आणि घुमट सोललेल्या संत्र्यासारखा दिसतो. चोवीस घे, फरक दोन मिमीच्या आत येतो. पाकळी तळाशी ५.८ सेंमी, लांबी ३४.६, निम्म्या लांबीवर रुंदी ४.१. फासळ्याही चोवीस, बाहेरची त्रिज्या २१.९ सेंमी. चोवीस फासळ्या मध्यात एकमेकींत अडकवणं अशक्य, म्हणून ३ सेंमी व्यासाची पुठ्ठ्याची नळी उभी करून प्रत्येक फासळी तिला बाहेरून चिकटव. फासळीची कड २ मिमीची, तिच्यावर दोन पाकळ्यांचा सांधा टिकणार नाही. त्यासाठी कडेवर १ सेंमी रुंद कार्डशीटची पट्टी आधी चिकटवायची.

फासळ्या डुलू नयेत म्हणून ६, १२ आणि १७ सेंमी उंचीवर दर दोन फासळ्यांच्या मध्ये आडवे तुकडे बसव. त्यांची बाहेरची कड अनुक्रमे ५.३, ४.६ आणि ३.४ सेंमी. ही कड सरळच काप. गोलाई दिलीस तर पाकळी मधोमध फुगते, कारण कार्डशीट एकाच दिशेने वळते. सर्वांत वरच्या तुकड्यांची वरची कोर अडीच मिमी तिरपी घास, नाहीतर ती कातडीला टोचते.

कोपऱ्यांचे अष्टकोनी मनोरे सोपे आहेत. सात मजले, म्हणून आठ अष्टकोनी चकत्या, मधून बांबूची काडी.

भिंतींवर पांढरा फेव्हिकॉल पसरू नको. पाण्याने कार्डशीट फुगते, वाळताना आकसते आणि जाळीच्या बरगड्या बाहेर उमटतात. भिंत फक्त चारही कडांना चिकटव. मधल्या पट्ट्या कातडीपासून १ मिमी आत ठेव. मोठ्या पृष्ठभागाला रबरी गोंद बरा, पण मग आत थर्माकोल भरू नको, त्या गोंदात तो विरघळतो. आणि तळाला २ सेंमीचं भोक ठेव, म्हणजे आतला ओलावा कोंडणार नाही.

घुमटाची तळचकती, म्हणजे ज्या गोल पुठ्ठ्यावर फासळ्या उभ्या राहतात तो, जाळीच्या पट्ट्यांवर थेट टेकली पाहिजे, भिंतींच्या कडांवर नाही. कातडी चढवण्याआधी वर दोन जाड पुस्तकं ठेवून रात्रभर बघ. कुठे दबलं तर तिथे एक पट्टी वाढव.

तुझा,
विनय