डिफेंडरचं यान गोळी मारताना गायब का होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या व्हिडिओ गेम्सवरचा लेख वाचला, मजा आली, पण अटारी २६०० या टीव्हीला जोडायच्या घरगुती गेम-मशीनवरच्या 'डिफेंडर'चं त्यात जे कौतुक केलंय ते काही पटेना म्हणून लिहितोय. लेखक म्हणतात त्या काळच्या मशीनच्या मानाने गेम झकास होता. छे हो!

१९८१ चा विल्यम्स कंपनीचा आर्केडमधला (म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरचा) मूळ डिफेंडर ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये की तो नुसता धडाधड गोळ्या मारायचा गेम नव्हता, हाताची कसरत होती ती. दांडा (जॉयस्टिक) फक्त यान वर-खाली न्यायला, बाकी सगळा कारभार पाच बटणांवर, थ्रस्ट (पुढे रेटा), रिव्हर्स, फायर, स्मार्ट बॉम्ब (स्क्रीनवरचे सगळे शत्रू एकदम खलास) आणि हायपरस्पेस (यान गायब होऊन भलतीकडेच उगवणार). थ्रस्ट सोडलं तरी यान घसरत पुढे जायचं, तेवढ्यात रिव्हर्स दाबून तोंड फिरवायचं आणि मागून येणाऱ्याला उडवायचं. खाली दहा माणसं उभी, त्यातल्या एकाला लँडर, म्हणजे शत्रूचं यान, उचलून वर न्यायला लागला की लँडरला टिपायचं आणि वरून पडणाऱ्या माणसाला हवेतल्या हवेत झेलायचं, हे ज्याला जमलं त्याचा काय रुबाब असायचा!

आणि १९८२ मध्ये अटारीवर घरी काय आलं? जॉयस्टिकवर बटण एकच. मग स्मार्ट बॉम्ब टाकायचा तर यान आधी पार तळाशी दिसणाऱ्या शहराच्या खाली न्या आणि फायर दाबा, हायपरस्पेस हवं तर वर स्कॅनरच्याही (शत्रू कुठे आहेत ते दाखवणाऱ्या छोट्या नकाशाच्या) वर जा आणि फायर दाबा. अहो, चारी बाजूंनी घेरलं गेल्यावर जे एका बोटात व्हायचं त्यासाठी आता अख्खा स्क्रीन पार करायचा, तहान लागल्यावर विहीर खणायला सांगितल्यासारखं. आर्केडमधल्या त्या बारीक रेषेच्या डोंगरांच्या जागी इमारतींचे ठोकळे आले ते एक वेळ चाललं असतं. पण गोळी मारली की आपलं यानच दिसेनासं होतं! बाण सुटला आणि धनुर्धारी गायब.

आता मशीनची अडचण मला मान्य आहे. मेमरी सगळी मिळून १२८ बाइट्स (किलोबाइट्स नाही, बाइट्स), गेमचं कार्ट्रिज (मशीनमध्ये खोचायची डबी) ४ केचं, म्हणजे ४ किलोबाइट्सचं, आणि चिपमध्ये धड हलणाऱ्या आकृत्या दोनच, बाकी काय त्या गोळ्याबिळ्या, त्यामुळे कोणाला तरी लपवायला लागणार होतंच. पण ज्याच्यावर खेळणाऱ्याची नजर खिळलेली असते नेमकं त्यालाच लपवायचं, ही कसली निवड?

आणि 'मशीनच तसं होतं' म्हणणाऱ्यांनी याच मशीनवरचा १९८४ चा 'स्टारगेट' बघावा. डिफेंडरचाच पुढचा भाग, म्हणजे जास्तच गुंतागुंतीचा. कार्ट्रिज ८ केचं होतं, दुप्पट, हे कबूल, पण बॉम्ब आणि हायपरस्पेस चक्क दुसऱ्या जॉयस्टिकवर टाकले, त्याला कुठे मेमरी लागते? एकट्याने दोन जॉयस्टिक सांभाळायच्या म्हणजे एक मांडीवर घेऊन बसायचं, दिसायला येडचाप, पण बॉम्ब हवा तेव्हा फुटतो. लेखात त्याचं नावसुद्धा नाही. पुढच्या भागात तेवढं येऊ द्या, आणि लेखकांना म्हणावं आधी आर्केडचा खेळा मग कौतुक करा.

आपला,
एक जुना खेळगडी