चिमुकल्या कुत्रीचे गर्भारपण जोखमीचे

महोदय,

सोडवून आणलेली दोन-अडीच किलो वजनाची कुत्री गाभण असल्याचे लक्षात आले, की ‘निसर्ग आपले काम करील’ म्हणून पुष्कळ जण निर्धास्त राहतात. माझ्याकडे आलेल्या अशाच एका कुत्रीच्या पाठीवरून हात फिरवताना मणका न् मणका बोटांना लागत होता आणि पोट मात्र तट्ट फुगलेले होते. इतक्या लहान शरीराचा जननमार्ग अरुंद असतो; पोटात एकच पिल्लू असले तर ते आकाराने मोठे होते आणि वाटेत अडते. गर्भारपण सुमारे ६३ दिवसांचे असते, पण अशा कुत्रीचे दिवस कुणालाच ठाऊक नसतात. म्हणून लगेच सोनोग्राफी आणि शेवटच्या टप्प्यात एक्स-रे काढून पिल्लांची संख्या व आकार पाहून ठेवावा. अर्धा तास जोराच्या कळा येऊनही पिल्लू बाहेर आले नाही किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर सकाळची वाट पाहू नये.

व्याल्यानंतरही धोका संपत नाही. दूध पाजताना रक्तातील कॅल्शियम घटले, तर ती धापा टाकू लागते, पाय ताठरतात, झटके येतात आणि वेळेत उपचार न मिळाल्यास जीव जातो. गाभण असताना मनानेच कॅल्शियम पाजल्यास हा धोका उलट वाढतो. दिवस फार झाले नसतील, तर पशुवैद्याच्या सल्ल्याने नसबंदी करून गर्भारपण थांबवण्याचाही विचार व्हावा. मला तो क्रूरपणा वाटत नाही.

– एक वाचक