अंगणाला ढाळ हवाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला डांबरी अंगणांवरचा लेख वाचला. रात्री नीट झोप लागली नाही, म्हणून सकाळी कारखान्यातले यंत्रमाग चालू करून दिले आणि आधी हे पत्र लिहायला बसलो. लेखात उन्हाबद्दल जे लिहिले आहे त्यातले बरेच पटले. पण वाळवंटी, कमी पावसाच्या हवामानात निचऱ्याचा खर्च टाळता येतो, हा सल्ला सोलापूरच्या वाचकांना द्यायला नको होता. तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे.

लगेच लिहिण्याचे कारण असे. आमच्या शेजारचा तरुण कारखानदार काल दुपारी तुमची पुरवणी घेऊन आला. त्याने नेमक्या त्याच ओळीखाली पेनाने रेघ मारली होती. "काका, बघा, पेपरातच आलंय. गटाराचे पैसे वाचले." शुक्रवारी त्याच्याकडे रोलर येणार आहे. मी तासभर समजावले, पण छापलेल्या शब्दापुढे माझे बोलणे टिकले नाही.

2019 च्या मे महिन्यात मी शेडपुढची जागा डांबरी करून घेतली. साठ फूट लांब, चाळीस फूट रुंद. त्याआधी नुसता मुरूम होता. पावसाळ्यात गाडी रुतायची, उन्हाळ्यात धूळ उडून आमच्या मागांवरच्या टॉवेलवर बसायची आणि पांढरा माल पुन्हा धुवायला लागायचा. ठेकेदाराचे नाव लिहीत नाही, माणूस अजून धंद्यात आहे. त्याने पाणसळ लावली नाही की दोरी ताणली नाही, नुसत्या नजरेने काम केले. आमचा म्हातारा जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा कारागीर, तेव्हा म्हणाला होता, "मालक, पाणी कुठनं जाणार?" ठेकेदार म्हणाला, "सोलापुरात पाऊस असतो कुठं? चार थेंब पडतात, ते उन्हात उडून जातात." मलाही पैसे वाचवायचे होते. मी जॉबरचे ऐकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

डांबर अंथरले त्याच संध्याकाळी सुताची गाडी आली. किमान एक रात्र तरी त्यावर वजन नेऊ नये, हे मला कोणी सांगितले नाही. फाटकापासून शटरपर्यंत दोन चाकोऱ्या उमटल्या. दोन बोटे खोल असतील. पुढे प्रत्येक उन्हाळ्यात भरलेल्या गाड्या त्याच रेषेत मागे येत राहिल्या आणि चाकोऱ्या खोल होत गेल्या.

14 ऑक्टोबर 2020 चा पाऊस सोलापूरकरांना सांगायला नको. टाळेबंदीनंतर माग नुकतेच पुन्हा सुरू झाले होते, दिवाळी महिन्यावर आली होती, टॉवेलच्या गाठी बांधून शटरच्या आत रचलेल्या होत्या. आदल्या महिन्यातल्या पावसाने काळी माती आधीच फुगलेली होती. पाणी अंगणात भरले आणि त्या दोन चाकोऱ्यांतून, पाटाचे पाणी वाफ्यात सोडावे तसे, सरळ शटरखालून आत आले. आम्ही सहाजण होतो. पोती लावली, फळ्या लावल्या, बादल्यांनी उपसले. खालच्या दोन थरांतल्या गाठी भिजल्या. बाहेरून ओलावा तितका दिसत नव्हता. तिसऱ्या दिवशी सोडल्या तेव्हा आतला माल पिवळा पडला होता आणि बुरशीचा वास येत होता. चार मागांच्या मोटारींत पाणी गेले ते वेगळेच. जॉबरने एका शब्दाने मला मागची आठवण दिली नाही. तो भिजलेल्या गाठी उचलत राहिला.

आता हिशेब मांडतो. माझे अंगण 2400 चौरस फूट आहे. एका तासात 50 मिलिमीटर पाऊस झाला तर एवढ्या जागेवर 11 हजार लिटरच्या वर पाणी पडते, म्हणजे एक मोठा टँकर. एवढीच पत्र्याची शेड शेजारी असली आणि तिची पन्हळ अंगणातच उतरत असली, तर दोन टँकर. मुरमात त्यातले थोडे तरी मुरत होते. डांबरात मुरत नाही. मुरायची जागा आपणच बंद केली, तेव्हा वाहायची वाट करून द्यायची जबाबदारीही आपलीच. त्यासाठी वर्षभराची बेरीज कामाची नाही. एका तासात किती कोसळते ते धरून ढाळ काढायचा असतो. आपण पर्जन्यछायेतले आहोत हे खरे, पण सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात येतो आणि येतो तेव्हा ढग फाटल्यासारखा येतो.

लेखाबरोबर दुबईच्या गुळगुळीत रस्त्याचे छायाचित्र आहे. त्याच दुबईत 16 एप्रिल 2024 रोजी काय झाले ते लेखात यायला हवे होते. तिथल्या विमानतळावर वर्षाला सरासरी शंभर मिलिमीटरसुद्धा पाऊस होत नाही. त्या एका दिवसात सुमारे दीड वर्षाचा पाऊस पडला. मोटारी रस्त्यावर तरंगल्या, विमाने अडकली. आपल्या देशातले उदाहरण हवे असेल तर राजस्थानातल्या बाडमेरचे घ्या. ऑगस्ट 2006 मध्ये तिथल्या कवास गावात पाणी साचले ते कित्येक आठवडे हटले नाही, कारण वाळूखाली जिप्समचा थर आहे आणि तो पाणी मुरू देत नाही. थरच्या वाळवंटातली माणसे बुडाली, आणि आपण सोलापुरात पाऊस नाही म्हणून गटार वाचवायचे, हे मला समजत नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. लेखात भरपूर डांबर वापरण्याचा सल्ला आहे. जास्त डांबर म्हणजे मजबूत काम नव्हे. मे महिन्यात हवा 43 अंशांवर असते तेव्हा काळ्या डांबराचा पृष्ठभाग 60 च्या पुढे जातो. डांबराची चिकटता 60 अंशांवर तपासतात ती याचसाठी. डांबर प्रमाणाबाहेर असले की ते खडीतून वर येते, चपला चिकटतात, मोटारसायकलचा स्टँड आत जातो. प्रमाणापेक्षा प्रत महत्त्वाची. भारतीय मानकात डांबराच्या प्रती चिकटतेवरून ठरतात, त्यांना व्हीजी म्हणतात. व्हीजी-10 हे तीस अंशांखालच्या थंड गावांसाठी आहे. आपल्यासारख्या 38 ते 45 अंशांच्या गावाला व्हीजी-30 लागते, आणि सतत अवजड गाड्या उभ्या राहणार असतील तर व्हीजी-40 चा विचार करावा. ठेकेदाराला प्रत विचारा आणि डांबराच्या पावतीवर ती बघा. मी 2019 मध्ये विचारली नव्हती.

ऊन आणि पाणी हे दोन वेगळे प्रश्न धरले, इथेच लेखाची गल्लत झाली. उन्हाने डांबर वाळते, कडक होते, त्याला बारीक भेगा जातात. साचलेले पाणी त्या भेगांतून खाली उतरते आणि खडीवरचे डांबर सोडवते. त्याच्याही खाली आपली काळी माती असते. ती भिजली की फुगते, वाळली की हातभर फाटते. वरचा थर मग कुठे उचलतो, कुठे खचतो. म्हणून जिथे ऊन जास्त तिथे ढाळ जास्त जपायचा.

2021 मध्ये मी सगळे उखडून पुन्हा केले. काळी माती दीड फूट काढली, मुरूम थराथराने पाणी मारून दाबला, वर खडी, त्यावर डांबर. या वेळी पाणसळ मी स्वतः धरली. पन्नास फुटाला एक फूट ढाळ, शेडपासून फाटकाकडे. शटरपुढे आडवे गटार आणि त्यावर लोखंडी जाळी. पन्हळीचे पाणी अंगणात न सोडता नळीने बाजूला नेले आणि वाळू-खडीच्या खड्ड्यातून गाळून बोअरमध्ये सोडले. उन्हाळ्यात टँकर विकत घेणाऱ्याला ते पाणी वाहून जाताना बघवत नाही. पूर्ण दोन दिवस फाटक बंद ठेवले, एकही गाडी आत घेतली नाही. त्यानंतर शटरखालून थेंब आलेला नाही.

मात्र गेल्या वर्षीपासून फाटकाबाहेर नवीनच संकट आहे. आमच्यासमोरचा रस्ता नव्याने केला. जुना थर खरवडून काढला नाही, त्यावरच नवा चढवला. त्याआधीही एकदा असेच झाले होते. रस्ता आता माझ्या फाटकापेक्षा वीतभर उंच आहे. मी पैसे मोजून काढलेला ढाळ रस्त्याला जाऊन थटतो आणि रस्त्यावरचे पाणी उलट माझ्याकडे बघते. रस्त्याकडेचे गटार उरले आहे, पण त्याचे तोंड नव्या थराखाली गाडले गेले. दर पावसाळ्याआधी आम्ही दोघे-तिघे पहार घेऊन ते मोकळे करतो. रस्ता करणाऱ्यांना दोनदा लेखी सांगून झाले आहे. जुना थर काढल्याशिवाय नवा टाकू नये, एवढी साधी अट त्यांना पाळता आली असती.

याच विषयावर मी जूनमध्ये आपल्याला पत्र पाठवले होते. आपण ते छापलेत, त्याबद्दल आभार. पण त्यातला फुटा-इंचांचा भाग कापून टाकलात आणि उरली फक्त तक्रार. वाचकाच्या उपयोगाचा भाग तोच होता.

म्हणून आता विनंती करतो. हे पत्र गुरुवारच्या आत छापावे. शुक्रवारी शेजारच्या फाटकात रोलर उभा राहील आणि त्या पोराची जागा माझ्यापेक्षाही सखल आहे. जागा कमी असेल तर माझे 2019 आणि 2020 खुशाल गाळा. पन्नास फुटाला एक फूट, आणि शटरपुढे जाळीचे गटार, हे तेवढे राहू द्या.

आपला,
एक यंत्रमागधारक
अक्कलकोट रोड, सोलापूर