जुनी आउटबोर्ड मोटर पिंपात नव्हे, भार घालून तपासावी

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २६ फूट मानली जाते आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिचे पाणी ३५ फुटांच्याही वर गेले होते, हे बडोदेकरांना वेगळे सांगायला नको. त्या दिवसांत आमच्या मंडळाची नाव घेऊन आम्ही तिघे अकोटा भागात अडकलेल्या वृद्धांना बाहेर काढत होतो. नाव आठ माणसांच्या क्षमतेची, आणि तिच्या मागच्या कडेला बाहेरून बसवलेली आउटबोर्ड मोटर जुनी, दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, २५ अश्वशक्तीची. ही मोटर पहिल्याच दोरीत सुरू होई आणि रिकामी नाव सहज पळवी. परंतु एका सोसायटीतून चार माणसे घेऊन आम्ही प्रवाहाविरुद्ध निघालो, थ्रॉटलची, म्हणजे वेग वाढवण्याची, मूठ पूर्ण पिळली, आणि आवाज चढण्याऐवजी खाली बसला. नाव जागच्या जागी थरथरत राहिली. बांबूने रेटत आम्ही कसेबसे एका फाटकापाशी आलो, तेथे दोर बांधला आणि दुसऱ्या नावेची पाऊण तास वाट पाहिली. खाली मगरींच्या नदीचे पाणी, वर अंधारत चाललेले आभाळ, आणि नावेत माझा हात घट्ट धरून बसलेल्या ऐंशीच्या घरातल्या एक आजी. तो पाऊण तास मी विसरू शकलेलो नाही.

याहून मोठी खंत अशी की, ही मोटर त्याच वर्षी जूनमध्ये तपासून घेतलेली होती. दुरुस्ती करणाऱ्याने ती पाण्याने भरलेल्या पिंपात उभी करून दहा मिनिटे चालवली, थंड करणाऱ्या पाण्याची धार नीट पडते हे दाखवले आणि मोटर उत्तम असल्याचे सांगितले. त्याने काही लपवले असे मी म्हणत नाही. चूक तपासण्याच्या पद्धतीत होती, आणि ती आम्हीही मान्य केली होती. पिंपातले पाणी मोटरच्या पंख्याबरोबर, म्हणजे नाव पुढे ढकलणाऱ्या पात्यांबरोबर, गोल फिरू लागते, त्यामुळे पंख्याला खरा विरोध होत नाही, आणि थ्रॉटलही तेथे पूर्ण उघडता येत नाही. मंद गतीला मोटरला पेट्रोल अगदी थोडे लागते व ते कार्ब्युरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) छोट्या मार्गाने मिळते. मुख्य जेट (जास्त पेट्रोल सोडणारे छिद्र), मोटरवरचा पेट्रोल ओढणारा पंप आणि होज (टाकीपासून येणारी पेट्रोलची नळी) यांची कसोटी लागते ती भार आल्यावरच. एवढेच नव्हे, तर दोन सिलिंडरची मोटर मंद गतीला एका सिलिंडरवरसुद्धा चालत राहते आणि सवय नसलेल्या कानाला ते कळतही नाही.

पूर ओसरल्यावर आम्ही दोष शोधायला बसलो, तेव्हा प्रथम सगळ्यांनी सुचवले तेच केले. ठिणगी देणारे प्लग बदलले. फरक पडला नाही, म्हणून दुसऱ्या प्रकारचे घातले, आणि त्यानंतर कार्ब्युरेटर उघडून साफ केला. पैसे गेले, महिना गेला, आणि दर वेळी मोटर पिंपात सुरेल चालून आम्हाला फसवत राहिली. चाळीस वर्षे यंत्रशाळेत काम केलेल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते, की जो दोष भाराखाली दिसतो तो भार दिल्याशिवाय सापडणार नाही. मग आम्ही रीतसर परवानगी घेऊन शहराबाहेरच्या एका तलावावर गेलो, नावेत रेतीची पोती भरली आणि मोटर पूर्ण उघडली. दोन मिनिटांत तोच बसका आवाज आला. त्या वेळी एकाने पेट्रोलच्या होजमधला, पेट्रोल पुढे ढकलणारा रबरी बल्ब हाताने दाबून पाहिला, आणि मोटर एकदम उसळली. दाबणे थांबवताच काही क्षणांत पुन्हा बसली.

त्या एका कृतीने ठिणगी आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) हे दोन्ही संशय जवळजवळ बाजूला पडले, कारण बल्ब दाबून पेट्रोलखेरीज काहीच वाढत नाही. बल्ब चपटा झाला असता, तर अडथळा टाकीच्या बाजूला, म्हणजे झाकणाचा हवेचा स्क्रू बंद राहिला आहे किंवा टाकीतली जाळी तुंबली आहे, असे मानता आले असते. तो चपटा नव्हता. तेव्हा उरला मोटरवरचा पेट्रोल पंप, नाहीतर बल्बपासून मोटरपर्यंतचा होज. दुसऱ्याची टाकी होजसकट जोडताच मोटर पोत्यांसह नाव घेऊन सुसाट निघाली. घरी येऊन आमचा होज उभा चिरला, तर आतला थर सुटून त्याची जीभ झाली होती. पेट्रोलची ओढ वाढली की ती मार्ग झाकत असे. बाहेरून तो होज नव्यासारखा दिसत होता.

जुन्या मोटरींच्या होजमधले व पंपाच्या पडद्यातले रबर इथेनॉल सोसण्यासाठी बनवलेले नसते, आणि आज पेट्रोल पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असते. शिवाय इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. पाण्याचे प्रमाण वाढले की पाणी व इथेनॉल मिळून पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. गेल्या पावसाळ्यातले पेट्रोल या पावसाळ्यात वापरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

सर्वच मोटरींचा दोष होजमध्ये असेल असे मात्र नाही. थंडपणी ठीक चालणारी आणि तापल्यावर एक सिलिंडर सोडणारी मोटर बहुधा प्लगला वीज पुरवणाऱ्या कॉइलकडे बोट दाखवते. आवाज चढतो पण नाव पुढे जात नाही, अशी तक्रार असेल तर पंख्याच्या तुंब्यातले (मधल्या गड्ड्यातले) रबरी बुश घसरत असण्याचा संभव मोठा. तुंबा आणि पंखा यांवर एक सलग रेघ रंगवून ठेवावी, भार देऊन आल्यावर ती तुटलेली दिसली की निदान झाले. एक गोष्ट कळकळीने सांगतो: आवाज बसत असताना मूठ पिळून मोटर रेटू नये. टू-स्ट्रोकमध्ये वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते, त्यामुळे पेट्रोल कमी पडले की तेलही कमी पडते, पिस्टन तापतो आणि जाम होतो. अशी मोटर त्या दिवसापुरती नव्हे, कायमची जाते.

बडोद्यात पूरकाळात उपयोगी पडणाऱ्या अनेक नावा मंडळांच्या आणि संस्थांच्या गोदामांत वर्षभर पडून असतात. माझी विनंती अशी की, दर वर्षी मेअखेर या सर्व मोटरी तलावात उतरवून, नावेच्या क्षमतेइतका भार घालून, सलग किमान वीस मिनिटे पूर्ण थ्रॉटलवर चालवाव्यात आणि त्याची तारीखवार नोंद मोटरीबरोबरच ठेवावी. भारासाठी माणसे बसवू नयेत, रेतीची पोतीच घालावीत. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणी तलावात नाव उलटून १२ विद्यार्थी व दोन शिक्षिका गेल्या. त्यानंतर या शहरात चाचणीसाठीसुद्धा कोणाचा जीव पाण्यावर टांगणे क्षम्य नाही. वीस मिनिटे अशासाठी, की कॉइलचा दोष तापल्याखेरीज प्रकट होत नाही.

महापालिकेने या कामासाठी एक तलाव आणि मे महिन्यातला एक रविवार ठरवून दिला, तर लहान मंडळांना परवानगीसाठी वेगवेगळे फिरावे लागणार नाही. आमच्याकडे रेतीची बारा पोती, एक जादा टाकी आणि नवा होज तयार आहे. ज्या मंडळांना हवा असेल त्यांनी तो आपल्या मोटरीला लावून पाहावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त यंत्र कारागीर,
दांडिया बाजार, बडोदे